खाडाखोडीशेजारची सही

प्रतिभा, तुझे गमबूट अजून माझ्या टेबलाखालीच आहेत. शिपाई दोनदा विचारून गेला, “मॅडम, बाईंच्या घरी पोचवून देऊ का?” दोन्ही वेळा मी म्हटलं, राहू दे. बायकांच्या मापाचे मिळत नाहीत म्हणून तू पुरुषांचे सात नंबरचे घेतले होतेस आणि आत दोन-दोन मोजे घालायचीस. तुझ्या अभियांत्रिकी शाखेत ठेवले तर तिथले पुरुष चिडवतात, म्हणून ते एक मजला खाली माझ्या लेखा शाखेत आले, आणि इतकी वर्षं नाल्याच्या चिखलाचा वास माझ्या बिलांना येत राहिला. मी रोज नाक मुरडलं. आता चिखल वाळलाय, वास येत नाही. तरी पाय लांब करताना मी जपते.

तुझी शोकसभा झाली. तू किती कर्तव्यदक्ष कनिष्ठ अभियंता होतीस हे, तुला कनिष्ठच ठेवणाऱ्यांनी एकामागून एक उठून सांगितलं. दोन मिनिटं उभे राहिलो, मग चहा झाला. मलाही बोला म्हणाले. मी नको म्हटलं, कारण मला जे बोलायचं होतं ते चहाच्या आधी बोलण्यासारखं नव्हतं आणि चहानंतर तर मुळीच नव्हतं. तुझ्याशी माझं एक भांडण अर्धवट राहिलंय, आणि एक गोष्ट सांगायची राहिलीय. भांडणात मी बरोबर होते असं मला आजही वाटतं. सांगायच्या गोष्टीत मात्र मी चूक आहे, आणि ते तुला ठाऊक होतं हे मला तू गेल्यावर कळलं. हे म्हणजे चोरानं दोन वर्षं लपवावं आणि घरमालकानं रोज त्याला जेवायला वाढावं तसं झालं.

तुझीमाझी ओळखच मुळी भांडणानं झाली. नाल्याच्या कामाची तुझी मोजमाप पुस्तिका माझ्याकडे तपासायला आली होती. पानोपानी आकडे खोडलेले, वर दुसरे लिहिलेले, आणि एकाही ठिकाणी शेजारी सही नाही. मी वही परत पाठवली. तू गमबुटांसकट जिना उतरून आलीस.

“काहून परत केली वं माझी वही?”

“खाडाखोड केली की शेजारी छोटी सही करावी लागते. ज्यानं खोडलं त्यानं. नाहीतर उद्या कोणीही खोडेल.”

“अवं, मी नाल्यात उभी राहून लिहितो. एका हातात टेप, एका हातात वही. सही काय दातानं करू?”

मी म्हटलं दातानं कर, पण कर. तू तिथेच बसून सगळं पुस्तक चाळत सह्या केल्यास आणि शेवटी म्हणालीस, “तू सावनेरची ना? वाटलंच. खाणीवर कोळशाच्या वजनात वाढलेली माणसं.” त्या दिवशी तुझ्या डब्यात गोळाभात होता आणि तू तो माझ्यासमोर उघडलास. तेव्हापासून आपण जेवायला बरोबर. पण सह्या करायला तू शिकली नाहीस. तुझी प्रत्येक वही मला एकदा तरी परत पाठवावी लागली. शेवटी शेवटी मला वाटायचं, तू मुद्दाम विसरतेस, खाली यायला निमित्त हवं म्हणून.

त्या वहीतली तुझी आणखी एक खोड साहेबांना सहन व्हायची नाही. पूर आला त्या सकाळी शहराचा अर्धा भाग पाण्यात होता. आम्ही फोनवर एकमेकींना व्हिडिओ पाठवत होतो आणि तू कवठ टोलीत होतीस, नाल्याच्या कडेला टेकलेल्या त्या साठ-सत्तर घरांत. नाल्याची जुनी दगडी भिंत तिथेच फुटली होती. पाणी ओसरल्यावर तू घरोघरी गेलीस आणि बायकांना एकच प्रश्न विचारलास, “पाणी कुठवर आलं होतं?” त्यांनी हात लावून दाखवलं, आणि तू ते तसंच लिहिलंस. कमरेपर्यंत. छातीपर्यंत. एका घरापुढे ‘बसलेल्या सासूच्या गळ्यापर्यंत’ असं लिहिलं होतंस. साहेबांनी लाल शाईनं शेरा मारला, मीटरमध्ये लिहा. तू मीटरमध्ये लिहिलंस, पण आधीचं खोडलं नाहीस. मला म्हणालीस, “मीटर साहेबाले समजते. कंबर मले समजते.”

मग अनुदान आलं. वाहून गेलेले रस्ते, खचलेले पूल, फुटलेल्या भिंती, सगळ्यांसाठी सरकारनं आपल्या महापालिकेला एकरकमी पैसे दिले आणि कामांची यादी मागितली. यादी तुमच्या शाखेनं केली, रकमा मी बसवल्या. टोलीची भिंत यादीत होती. मोठ्या रस्त्यावरचा पूलही होता. अट एकच, मार्चअखेर खर्च झाला नाही तो पैसा परत.

पुलाचा पाया उकरला आणि खाली नुसती पोकळी निघाली. पाण्यानं आतून माती नेली होती, वरचा पूल सवयीनं उभा होता. काम दुपटीवर गेलं. इकडे टोलीच्या भिंतीची निविदा दोनदा काढली, दोनदाही कोणी कंत्राटदार आला नाही. कसा येणार? टोलीच्या गल्लीत हातगाडी भिंतींना घासत जाते. तिथे ट्रक न्यायचा कसा, मशीन उतरवायचं कसं? फेब्रुवारी संपत आला होता. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, अनुदानाचं समायोजन करा. म्हणजे एका कामाचे पैसे उचलून दुसऱ्या कामावर ठेवा. नागपुरात हे काम माझ्याइतकं सफाईनं कोणाला येत नाही, असं मी तेव्हा अभिमानानं म्हणायची.

त्या तक्त्यात दोन रकाने असतात. कुठे पैसे कमी पडतात तो एक, आणि कुठून काढायचे तो दुसरा. दुसऱ्या रकान्याच्या डोक्यावर छापलेलं असतं, ‘बचत’. मी त्याखाली टोलीची भिंत लिहिली.

तू तक्ता वाचलास आणि डबा बंद केलास.

“मले सांग कुंदे, काम झालं नाही तं बचत कशाची वं?”

“रकान्याचं नाव आहे ते. मी ठेवलेलं नाही.”

“घरात पोट्टे उपाशी ठेवून तेल वाचवलं तं त्याले बचत म्हणशील?”

“म्हणणार नाही. पण पूल पडला तर तू काय म्हणशील? त्या पुलावरून दवाखान्याच्या गाड्या जातात.”

“पुलावरून माणसं जातात. टोलीत माणसं राहतात.”

इथपर्यंतचं भांडण मी तुला आजही परत करते, प्रतिभा. पूल आधी व्हायला हवा होता. तो पडला असता तर किती माणसं गेली असती हे तुलाही माहीत होतं, पुलाखालची पोकळी तूच बॅटरी मारून पाहिली होतीस. तू म्हणालीस, भिंतीचे लहान-लहान तुकडे कर, टोलीतलेच गवंडी आणि बायका डोक्यावर माल नेतील, मले पंधरा दिवस दे. मी म्हटलं, कामाचे तुकडे पाडायला नियमात बंदी आहे, तुकडे पाडून वाटलं की लोक भ्रष्टाचार म्हणतात. तू म्हणालीस, मंजुरी मागून पाहा. मी म्हटलं, वेळ नाही. वेळ खरंच नव्हता. पण मी मागूनही पाहिली नाही. एवढं त्या भांडणात माझ्या बाजूचं कच्चं आहे.

तीन दिवस तू सही दिली नाहीस. अभियंत्याच्या सहीशिवाय तक्ता पुढे जात नव्हता, साहेब माझ्यावर ओरडत होते. तीन दिवस तू जेवायला खाली आली नाहीस. चौथ्या दिवशी मी तक्त्यासोबतच्या टिपणीत एक वाक्य घातलं, तुझ्यासाठी म्हणून. ‘सदर भिंतीचे काम पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात प्राधान्याने प्रस्तावित करण्यात येईल.’ लिहिलं, वाचलं, आणि भीती वाटली. ‘करण्यात येईल’ म्हणजे कबुली. साहेब विचारतील, हे वचन कोणाच्या अधिकारात दिलं? फाईल फिरत राहील, मार्च निघून जाईल, पूलही जाईल आणि भिंतही. मी ‘ण्यात’ काढलं आणि ‘ता’ टाकलं. ‘करता येईल.’ म्हणजे झालं तर झालं. आपल्या ऑफिसात या दोन अक्षरांच्या फरकावर माणसांची आयुष्यं निघून जातात आणि ऐकणाऱ्याला तो ऐकूही येत नाही. कॉम्प्युटरवर खाडाखोड दिसत नाही. तिथे शेजारी सहीही लागत नाही.

तू आलीस. दुपारची वेळ होती, पंखा बंद होता. तू म्हणालीस, “वाचून दाखव. चष्मा वर राहिला.”

मी वाचलं. आणि वाचताना म्हटलं, ‘करण्यात येईल.’

मी चुकून म्हटलं नाही. आधी तेच लिहिलं होतं म्हणून तोंडात बसलं होतं, असं मी स्वतःला बरेच महिने सांगितलं, पण तसं नव्हतं. मी कागदावर एक शब्द पाहिला आणि तुझ्याकडे बघून दुसरा उच्चारला. तू म्हणालीस, “तू लिहिलंस ना? मग झालं.” आणि सही केलीस. मग डबा उघडलास. चार दिवसांनी जेवत होतीस. मला इतकं बरं वाटलं की मी माझ्या वाट्याची सांबारवडीही तुला दिली.

पूल झाला. चांगला झाला. मी त्यावरून रोज जाते.

पुढच्या पावसात टोलीत पाणी शिरलं. मोठा पूर नव्हता, वर्तमानपत्रात आलाही नाही. नुसतं गुडघ्यापर्यंत, आणि दोन घरांत मांडीपर्यंत. तू त्या सकाळी तिथे होतीस. संध्याकाळी गमबूट ठेवायला आलीस तेव्हा ते बाहेरून जितके ओले होते तितकेच आतून होते. मी म्हटलं, “बदल ते मोजे, आजारी पडशील.” तू म्हणालीस, “पडीन तं पडीन.” मी पुढे काही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू टोलीचं सांगितलं असतंस.

अंदाजपत्रकात भिंत आली नाही. मी यादी लावताना साहेबांनी विचारलं, हे बंधनकारक आहे का? मी म्हटलं, टिपणीत ‘करता येईल’ आहे. ते म्हणाले, मग पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या वर्षीही असंच झालं. तू दर वेळी नवा प्रस्ताव पाठवलास, दर वेळी त्यावर ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ असा शेरा आला, आणि तो शेरा, तुला माहीत होतंच, माझ्याच अक्षरात असायचा. तू मला एकदाही म्हटलं नाहीस की कुंदे, तू तर लिहून दिलं होतंस. मला वाटायचं, विसरली. मला वाटायचं, समजूतदार आहे. एकदा जेवताना तू हात थांबवलास.

“कुंदे, तुले एक विचारू?”

मी म्हटलं, “विचार.”

तू माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालीस, “जाऊ दे. लोणचं दे तुझ्याकडचं.”

मी लोणचं दिलं. अगं, मी बरणी उलटी केली तुझ्या डब्यात.

तू आजारी पडलीस आणि मी दवाखान्यात भेटायला आले, तेव्हाही आपण दोघीच होतो. सुधाकरभाऊ औषधं आणायला गेले होते. आपल्या नवऱ्याला औषधांची नावं नीट वाचता येत नाहीत म्हणून तू हसत होतीस, धाप लागत होती तरी. सांगायचं तर तेव्हाच. मी मनाशी वाक्यही जुळवलं होतं. पण तोंडातून काय निघालं, तर संत्र्यांचा यंदाचा बहार. सावनेरची संत्री, आंबट की गोड, भाव काय. तू ऐकून घेतलंस. निघताना माझा हात धरून म्हणालीस, “टोलीच्या बाया येतील तुझ्याकडे. त्यांले चहा पाज. पळवून लावू नको.” मी म्हटलं, तूच पाज बरी होऊन. मला वाटलं, आजारातलं बोलणं.

तुझ्या जलदान विधीला मी लवकर आले. तुमच्याकडचा हा बौद्ध विधी मी पूर्वी पाहिला नव्हता. जरीपटका वस्तीच्या अलीकडचं तुमचं ते दोन खोल्यांचं घर पांढऱ्या कपड्यांनी भरलं होतं. वंदना झाली, आणि सुधाकरभाऊंनी तांब्यातून वाटीत पाण्याची धार धरली. मागून पाठ चालू होता, वाटी भरत होती. काठोकाठ आली, तरी धार थांबली नाही, पाणी वाटीवरून खालच्या परातीत उतरू लागलं. सगळे हात जोडून बसले होते आणि मी त्या पाण्याकडे पाहत होते. मला तुझा आवाज ऐकू आला म्हणणार नाही, असल्या गोष्टींवर तुझा विश्वास नव्हता. पण माझ्या मनात आलं, प्रतिभा असती तर विचारलं असतं, पाणी कुठवर आलं. मला रडू आलं ते तिथे. त्याआधी आलं नव्हतं.

जेवणाच्या वेळी पाच बायका माझ्यापाशी आल्या. एका ऑटोत बसून आल्या होत्या. सगळ्यांत थोरली, टोलीची शेवंताबाई, म्हणाली,

“तुम्हीच का त्या कुंदाताई? हिशेबातल्या?”

मी हो म्हटलं.

“बाईनं सांगितलं होतं, मले काही झालं तं कुंदाताईले भेटजा. त्याइनं लिहून देलं आहे.” तिनं पिशवीतून एक प्लास्टिकचं पाकीट काढलं. त्यात रेशनकार्ड होतं, वीजबिल होतं, आणि घडीच्या जागी मऊ पडलेला एक कागद होता. “हा कागद मी गादीखाली नाही ठेवला. पाणी येते म्हणून वर छताच्या लाकडी बल्लीले बांधला होता.”

माझ्या टिपणीची झेरॉक्स. शेवटच्या वाक्यात ‘करता’वर एक रेघ होती. वर, निळ्या पेनानं, तुझ्या त्या तिरप्या अक्षरात, ‘करण्यात’. आणि शेजारी तुझी छोटी सही.

प्रतिभा, किती वर्षं मी तुझ्या मागे लागले होते. खोडलंस की सही कर. किती वह्या परत पाठवल्या. आणि तू ती केलीस ती इथे, माझ्या खोटेपणावर. खाली तारीखही टाकली होतीस, नियमाप्रमाणे. तक्त्यावर सही केलीस त्याच आठवड्यातली. म्हणजे झेरॉक्स काढताना तू चष्मा लावून वाचलंस. तुला दिसलं. आणि मी कागदावर लिहिलेलं खोडून मी तोंडानं वाचलेलं तू लिहिलंस. त्यानंतर दोन वर्षं तू माझ्यासमोर बसून जेवलीस.

का बोलली नाहीस? मी रोज वेगळं उत्तर काढते. कधी वाटतं, तू मला वाचवलंस. टोलीच्या बायकांसमोर मला खोटी पडू दिलं नाहीस. कधी वाटतं, तू वाट पाहत होतीस, मी स्वतःहून सांगेन म्हणून, आणि त्या ‘जाऊ दे, लोणचं दे’च्या दिवशी तू वाट पाहणं सोडलंस. आणि कधी कधी, तुझ्यावर राग येतो तेव्हा, वाटतं की ही शिक्षाच होती. तुला भांडता येत होतं. तुझं अख्खं आयुष्य साहेबांशी भांडण्यात गेलं. माझ्याशीच एवढी गप्प का राहिलीस? ओरडली असतीस तर मी चिडले असते, उलट बोलले असते, पण दुसऱ्या दिवशी तो शब्द बदलला असता. बदलला असता का? माहीत नाही. हे खोटं तरी आता तुझ्याशी बोलू नये.

शेवंताबाई माझ्या तोंडाकडे पाहत होती. “खरा आहे ना कागद?” तिनं विचारलं. मी म्हटलं, मी येते टोलीत, मला चार दिवस द्या. भ्यायले होते मी, आणि चार दिवस हा आपल्या ऑफिसचा आवडता आकडा आहे. पण या वेळी मोजून चार दिवसच घेतले.

मूळ फाईल काढली. जुन्या टिपणीत आता कोणाला काही बदलता येत नाही, म्हणून नवी टिपणी लिहिली. त्यात लिहिलं की मागील टिपणीतील ‘करता येईल’ हे शब्द मी जाणूनबुजून घातले आणि संबंधित अभियंत्यांना वेगळं वाचून दाखवून त्यांची सही घेतली. सध्या सुधारित अंदाजपत्रकाचे दिवस आहेत. त्यात आपल्या लेखा शाखेची नवी कपाटं आणि टेबलं आहेत, ज्यांच्यासाठी मी पाच वर्षं भांडले आणि तू म्हणायचीस, “कपाटात तू बसणार आहेस का?” ते सगळं उचलून मी बचतीच्या रकान्यात टाकलं. या वेळी तो शब्द लिहिताना लाज वाटली नाही. त्यातून सगळी भिंत होत नाही. जिथे नाला वळतो आणि पाणी आधी शिरतं, तेवढा तुकडा होतो. तुकडा पाडायला का हवा ते लिहून मंजुरी मागितली. तुझी मोजमाप पुस्तिका जोडली. कंबर, छाती, सासूचा गळा, सगळं.

साहेबांनी मला समोर बसवलं. दार लावून घेतलं.

“मॅडम, असं कोणी लिहिते का? वर्षभरात रिटायर होऊन राहिल्या तुम्ही. चौकशी लागली तं पेन्शन अडकन. पहिला पॅरा काढा. भिंतीचं आपण पाहू.”

“पाहू नका, सर. पॅरा काढला तर भिंत कशासाठी मागते आहे तेच राहत नाही.”

“बाई गेल्या. आता कोणाले दाखवायचं आहे हे?”

मी उठले. फाईल त्यांच्या टेबलावर आहे. ते सही करतील की नाही मला माहीत नाही. घरी मी अजून सांगितलेलं नाही, आणि पेन्शनचं नाव निघालं की माझी झोप जाते, हे तुझ्यापासून लपवण्यात आता अर्थ नाही. मी शूर झालेली नाही, प्रतिभा. नुसती उशिरा आलेय.

आणि मग काल मी टोलीत गेले. कोरडे दिवस आहेत, नाल्यात घोट्याएवढं काळं पाणी. तरी तुझे गमबूट घातले, आत दोन मोजे घालून. गल्लीत दोन्ही खांदे भिंतींना लागले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ट्रक का येत नाही. इतकी वर्षं मी ते कागदावर वाचत होते. शेवंताबाईच्या घरात पलंगाचे पाय अजून विटांवर आहेत. तिनं चहा केला. तू मला म्हणाली होतीस त्यांना पाज, आणि झालं उलटं.

“झालं का पक्कं?” तिनं विचारलं.

माझ्या जिभेवर ‘होईल’ आलं होतं. ‘होऊ शकेल’ही आलं होतं. आयुष्यभर त्याच दोन शब्दांवर जगले आहे. मी म्हटलं, “नाही. अजून नाही झालं. फाईल साहेबांकडे आहे. उद्या पुन्हा जाते.”

तिनं हातातला कप खाली ठेवला नाही, तेवढ्यावर मी समाधान मानलं. मग मी तिच्याकडे कागद मागितला. तिनं स्टुलावर चढून बल्लीला बांधलेलं पाकीट सोडलं. मी कागद मांडीवर पसरला, पेन काढलं, आणि तुझ्या त्या छोट्या सहीला लागून माझी छोटी सही केली.

शेवंताबाई वाकून पाहत होती. “हे काय केलं वं ताई?”

“खाडाखोड केली की शेजारी सही लागते. ज्यानं खोडलं त्यानं करायची.”

“पण खोडलं तं बाईनं. तिची सही आहे ना तिथं. तुमची कायले?”

“खोडलं तिनं,” मी म्हटलं. “चूक माझी होती.”